उन्हाळ्यातील युरोपची तिकिटे : वाट किती पाहायची?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी, माझे पती आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले असे चौघे येत्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात युरोपला जाण्याचे ठरवत आहोत. आठ रात्री इटली आणि चार रात्री पॅरिस असा बेत आहे. डिसेंबरअखेरीस नेवार्क ते रोम थेट विमानाचे जाऊन-येऊन भाडे माणशी १,१२० डॉलर दिसत होते. आज, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ते १,१८० झाले आहे. पती म्हणतात, मंगळवारी मध्यरात्री भाडी उतरतात, थोडे थांबू. मैत्रीण म्हणते, मे महिन्यात सेल लागतो. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत आणि ग्रीन कार्ड आहे; मुले अमेरिकन नागरिक आहेत. व्हिसा हाती नसताना पावणेपाच हजार डॉलर अडकवावेत का? तिकिटे नेमकी कधी काढावीत?

उत्तर : सप्रेम नमस्कार. उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. माणशी किती भाडे आपल्याला परवडते आणि पटते, तो आकडा तुम्ही दोघांनी आजच बसून ठरवावा. आजपासून मार्चच्या मध्यापर्यंत तो ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी, नंतर बदलता येतील अशी तिकिटे काढावीत. आणि तो दिसलाच नाही, तर १५ मार्चला जे भाडे असेल त्या भाड्याने तिकिटे काढून मोकळे व्हावे. मे महिन्याची वाट मुळीच पाहू नये. जुलै महिना, शाळकरी मुले, चार आसने आणि थेट विमान हे सगळे एकत्र आले की शेवटच्या घडीला स्वस्त तिकीट मिळण्याची आशा जवळपास उरत नाही.

विमानभाडे ठरते कसे, हे समजून घेतले की मी असे का म्हणते ते लक्षात येईल. इकॉनॉमीतील आसने आपल्याला सारखीच दिसतात, पण विक्रीसाठी ती अनेक भाववर्गांत वाटलेली असतात आणि प्रत्येक वर्गाला रोमन लिपीतील एक अक्षर दिलेले असते. वाय हा सहसा सर्वांत महाग वर्ग. त्याखाली बी, एम, एच, क्यू, के, एल अशी उतरंड लागते, जिचा क्रम प्रत्येक कंपनीत थोडा वेगळा असतो. खालच्या वर्गातील आसने संपली की पुढच्या माणसाला वरच्या वर्गाचे भाडे दिसते. तुम्हाला दिसलेली ६० डॉलरची वाढ ही बहुधा कोणी मुद्दाम केलेली भाववाढ नसून खालची एक पायरी भरल्याची खूण आहे. कंपनीला मागणी कमी वाटली तर ती पायरी पुन्हा उघडते आणि भाडे उतरते. म्हणूनच जानेवारी ते मार्च या काळात भाडी खाली-वर होताना दिसतात. मात्र स्वस्त वर्गांना बहुधा आगाऊ खरेदीची अटही जोडलेली असते, म्हणजे प्रवासाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधी तिकीट काढले तरच ते भाडे लागू होते. प्रवास जवळ आला की स्वस्त वर्ग या अटीनेच बंद होतात, मग विमानात कितीही आसने रिकामी असोत.

शेवटच्या घडीच्या स्वस्त तिकिटाची आठवण अजून पुष्कळांच्या मनात आहे. फेब्रुवारीतल्या एखाद्या अर्ध्या रिकाम्या विमानाला ती लागूही पडेल. जुलैला पडत नाही. न्यू जर्सीतील शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटतात आणि बहुतेक सप्टेंबरच्या आरंभी, लेबर डेच्या सुमारास उघडतात, हे तुमच्याइतकेच विमान कंपन्यांनाही ठाऊक आहे. शिवाय अटलांटिकवरील वाहतूक मुख्यतः तीन मोठ्या गटांत विभागलेली आहे : युनायटेड, लुफ्तान्सा व एअर कॅनडा हा पहिला; डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम व व्हर्जिन अटलांटिक हा दुसरा; आणि अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज व आयबेरिया हा तिसरा. प्रत्येक गटातील कंपन्या या मार्गांवरील भाडी आणि वेळापत्रके मिळून ठरवतात व एकमेकींच्या विमानांवर आपापले क्रमांक लावतात. शोधात दहा पर्याय दिसले तरी खरे स्पर्धक त्याहून बरेच कमी असतात, हे ध्यानात ठेवून सेलची अपेक्षा करावी.

मंगळवारच्या मध्यरात्रीविषयी तुमच्या पतींचे अगदीच चुकते असे नाही. ते जुने झाले आहे. पूर्वी कंपन्या नवी भाडी दिवसातून ठरावीक वेळीच यंत्रणेत भरत, आठवड्याच्या आरंभी एकीने सेल जाहीर केला की बाकीच्या एक-दोन दिवसांत तिच्या बरोबरीला येत, आणि त्यामुळे मंगळवार-बुधवारचा लौकिक झाला. आता भाडी दिवसभर बदलत असतात. तिकीट कोणत्या वारी काढता याने फारसे बिघडत नाही. प्रवास कोणत्या वारी करता याने पुष्कळ बिघडते. अटलांटिकपार भाड्यांच्या नियमांत आठवड्याचे मधले दिवस आणि शनिवार-रविवारच्या आसपासचे दिवस यांचे दर बहुधा वेगळेच असतात. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस संपवून निघण्याऐवजी मंगळवारी किंवा बुधवारी निघून पाहा. चौघांच्या भाड्यात जो फरक पडेल, तो एका दिवसाच्या रजेपेक्षा मोठा ठरण्याचा संभव आहे.

आता एक प्रयोग सांगते. मोठ्या कुटुंबांनी तो करावाच, असे मला मनापासून वाटते. तुम्ही चार प्रवाशांसाठी शोध घेतला तेव्हा १,१८० डॉलर दिसले. तेच विमान आणि त्याच तारखा ठेवून आता दोनच प्रवाशांसाठी शोध घ्या, मग एकासाठी घ्या. चारही आसने एकाच भाववर्गात मिळत नसतील, तर यंत्रणा सहसा सर्वांनाच वरच्या वर्गाचे भाडे लावते. समजा, खालच्या वर्गात दोनच आसने उरली आहेत; मग दोघांसाठी १,१२० दिसतील आणि चौघांसाठी शोधताच चौघांचेही १,१८० होतील. अशा वेळी दोन-दोन तिकिटे वेगळी काढली तर १२० डॉलर वाचतात. पण मग बुकिंग दोन होतात, आणि विमान रद्द झाले तर कंपनीची यंत्रणा त्या दोन बुकिंगना वेगवेगळ्या विमानांत बसवू शकते. म्हणून प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठे माणूस आणि एक मूल असावे, आणि कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग एकाच कुटुंबाची असल्याची नोंद करून घ्यावी. १२० डॉलरसाठी मी हे करणार नाही; फरक ४०० डॉलरचा असेल, तर अवश्य करीन.

जुलै तुमच्या मनात पक्का झाला आहे की केवळ सुट्टी म्हणून जुलै धरला आहे, हे पत्रातून कळले नाही. केवळ सवयीने धरला असेल, तर ऑगस्टचा उत्तरार्ध पाहावा असे मी आग्रहाने सुचवते. टेक्सास, जॉर्जिया आणि दक्षिणेकडील इतर अनेक राज्यांतील शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच उघडतात, तेथील कुटुंबे परतलेली असतात, आणि साधारण १५ ऑगस्टनंतर अमेरिकेतून युरोपकडे जाण्याची भाडी उतरू लागतात. तुमच्या मुलांची शाळा उशिरा उघडते, हा न्यू जर्सीकरांचा मोठा लाभ आहे आणि तो फार थोडी कुटुंबे घेतात. इटलीत १५ ऑगस्टला फेरागोस्तोची सुट्टी असते आणि तिच्या आगेमागे शहरांतील पुष्कळ दुकाने व खानावळी बंद असतात. १८-१९ ऑगस्टला निघालात तर त्यातला बराचसा काळ टळतो. परतीची तारीख मात्र लेबर डेच्या जोडसुट्टीला भिडू देऊ नका, कारण त्या दिवसांत सगळेच परतत असतात. आणि घरी गणपती बसत असतील, तर त्या वर्षी चतुर्थी ऑगस्टअखेर येते की सप्टेंबरात, हे तारखा ठरवण्याआधी कालनिर्णयमध्ये पाहून घ्या. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला तिकिटे काढून झाल्यावर हे आठवले आणि चार तिकिटांच्या तारखा बदलताना भाड्यातील फरक भरावा लागला.

रोमला जाऊन रोमहूनच परत यायचे, हाही हट्ट नको. शोधताना ‘मल्टि-सिटी’ हा पर्याय निवडून नेवार्क ते रोम आणि पॅरिस ते नेवार्क असे एकच तिकीट पाहा. दोन स्वतंत्र एकेरी तिकिटे काढली तर पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांची भाडी पुष्कळदा भलतीच चढतात. एकाच तिकिटात मात्र हा प्रवास साध्या जाण्यायेण्याच्या भाड्याच्या आसपास बसतो, आणि पॅरिसहून रोमला परत येण्याचा खर्च व एक अख्खा दिवस वाचतो. एडिसनहून तुम्हाला नेवार्क, न्यू यॉर्कचे जेएफके आणि फिलाडेल्फिया असे तीन विमानतळ गाठता येतात, तेव्हा तिन्हींची भाडी पाहावीत. जेएफकेची गाडीवाट आणि तेथील पार्किंगचा खर्च हिशेबात धरायला मात्र विसरू नये. लंडनमार्गे परतण्याचे भाडे कधी स्वस्त दिसते, पण लंडनमध्ये मुक्काम करून तेथून निघालात तर ब्रिटनचा प्रवासी कर तिकिटात चांगलाच भर घालतो (इकॉनॉमीतील सोळा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे), आणि भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहायचे तर वेगळा व्हिसा लागतो. या खेपेला ते टाळावे.

आता व्हिसाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. ग्रीन कार्डामुळे अमेरिकेत परतण्याची तुम्हाला चिंता नाही, पण भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे इटली-फ्रान्ससह युरोपातील बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतोच. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील प्रवासासाठी तो आजपासून करता येईल. ज्या देशात अधिक रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. तुमच्या बाबतीत तो देश इटली. निर्णय सहसा १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. खरी अडचण निर्णयाची नसून भेटीच्या वेळेची आहे : वसंत ऋतूत अर्ज केंद्रांत अपॉइंटमेंट मिळणे फार कठीण होते. म्हणून मी तर म्हणेन की तिकिटाचे भाडे पाहण्याआधी आज अपॉइंटमेंट शोधावी. फेब्रुवारीतली मिळाली, तर १५ मार्चच्या आत व्हिसाचा निर्णय हाती येण्याची चांगली शक्यता आहे आणि तुमचा निम्मा पेच आपोआप सुटेल. फी मोठ्यांना ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मुलांना त्यांच्या अमेरिकन पासपोर्टवर हा व्हिसा लागत नाही.

अर्जासाठी विकत घेतलेले तिकीट सहसा लागत नाही, प्रवासाचे आरक्षण किंवा आराखडा पुरतो; व्हिसा मिळेपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नये, असे वकिलातीही सुचवतात. तुम्ही त्याच अर्थाने चाला, पण त्यासाठी मेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२० पासून, अमेरिकेतून सुरू होणाऱ्या प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरील बदलाचा दंड काढून टाकला आहे. अपवाद ‘बेसिक इकॉनॉमी’चा, आणि शोधात सर्वांत वर, सर्वांत स्वस्त म्हणून तेच दिसते. ते घेऊ नका. त्याच्या वरचे साधे इकॉनॉमी तिकीट घेतले, तर व्हिसा न मिळाल्यास पैसे रोख परत येत नसले तरी त्या कंपनीकडे, ज्या प्रवाशाचे तिकीट त्याच्याच नावावर, जमा राहतात. त्यांची मुदत सहसा तिकीट काढल्यापासून एक वर्षाची असते. भारतात जाण्यासाठी किंवा देशातल्या देशात फिरण्यासाठी ते वापरता येतात. याच तिकिटाचा दुसरा उपयोग असा की एप्रिलमध्ये भाडे उतरले तर त्याच विमानाचे तिकीट नव्या भाड्याने बदलून घेता येते आणि वरचे पैसे खात्यात जमा होतात. म्हणून तिकीट काढल्यावरही गूगल फ्लाइट्सवर भाड्यावर लक्ष ठेवण्याची सूचना चालू ठेवा. तुमच्याकडे त्या कंपनीचे माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे बक्षीस-गुण, साठलेले असतील, तर दोघा मोठ्यांची तिकिटे माइल्सवर काढणे सर्वांत निर्धास्त; युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्हींत अमेरिकेतून निघणारे असे तिकीट रद्द केले की माइल्स सहसा दंडाशिवाय परत मिळतात.

जे वाचक एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांना येथेच सांगून ठेवते : पासपोर्टावरील अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर केवळ आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर युरोपातून परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या प्रवासाला जी सवलत आहे, ती युरोपला नाही. अशांनी तिकिटाचा विचारच नंतर करावा.

आणखी एका नियमाचा पूर्ण उपयोग करून घ्या. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमाप्रमाणे, प्रवासाला सात किंवा अधिक दिवस असताना कंपनीकडून थेट काढलेले तिकीट २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता आले पाहिजे, नाहीतर कंपनीने ते भाडे पैसे न घेता २४ तास राखून ठेवले पाहिजे. तुमच्या मनातला आकडा दिसला की रात्रभर चर्चा करीत बसू नका; तिकीट काढा आणि चर्चा मग करा. त्या २४ तासांत नावे एकेक अक्षर वाचून तपासा. आपल्याकडच्या पासपोर्टांत नावाच्या रकान्यात पुष्कळदा वडिलांचे किंवा पतीचे नावही जोडलेले असते, अमेरिकेतल्या लायसन्सवर ते नसते, आणि सवयीने आपण लायसन्सवरचे नाव टाइप करतो. तिकिटावर पासपोर्टाप्रमाणेच नाव हवे.

हा नियम कंपनीकडून थेट घेतलेल्या तिकिटांना लागू आहे. मधल्या संकेतस्थळांवर तो बंधनकारक नाही. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका संकेतस्थळावर माणशी ४० डॉलर वाचतात म्हणून तिघांची तिकिटे काढली. एप्रिलमध्ये विमान कंपनीने पहिल्या विमानाची वेळ बदलली आणि मधल्या विमानतळावर दुसरे विमान गाठायला ३५ मिनिटे उरली. कंपनी म्हणे, तिकीट आमच्याकडून घेतलेले नाही, विक्रेत्याशी बोला. विक्रेता म्हणे, वेळ कंपनीने बदलली, तिच्याशी बोला. नऊ दिवस आणि अनेक फोन यांत गेले. त्यानंतर मी भाडे कोठेही पाहिले तरी तिकीट कंपनीच्याच संकेतस्थळावर काढते. मधे विमान बदलायचे असेल, तर फ्रँकफर्ट, म्युनिक अशा शेंगेनमधील पहिल्या विमानतळावर किमान दोन-अडीच तास हाती ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे बाहेरच्या नागरिकांची बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, आणि मुले बरोबर असताना रांगेतला वेळ लांबतो.

अगदी स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण शोधात त्या दिसतीलच. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रायमेरा एअर, मार्च २०१९ मध्ये वाव एअर आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्ले, या तिन्ही अटलांटिकपार स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्या एकाएकी बंद पडल्या. अशा कंपनीचे तिकीट घ्यायचेच असेल तर क्रेडिट कार्डावरच घ्यावे, म्हणजे पैसे परत मागण्याचा मार्ग राहतो. मुलांसह पहिल्याच मोठ्या सहलीला मी ते सुचवणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर चौघांच्या साध्या इकॉनॉमीच्या थेट विमानासाठी १,१०० डॉलर हा आकडा धरला असता, आणि आज दिसणाऱ्या १,१८० ला घाबरून लगेच पैसे भरले नसते. परंतु फेब्रुवारीत ते १,२५० च्या वर जाऊन आठवडाभर तेथेच राहिले, तर मी १५ मार्चपर्यंतही थांबले नसते.

आणि आज एक काम मात्र करा. धाकट्याचा पासपोर्ट कपाटातून काढून त्यावरील तारीख पाहा. सोळा वर्षांखालील मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षे चालतो. तान्हेपणी काढलेला असेल आणि मधे नवा केला नसेल, तर त्याची मुदत केव्हाच संपली असेल. शेंगेन देशांतून निघण्याच्या तारखेनंतर तो आणखी किमान तीन महिने चालणारा हवा. नव्या पासपोर्टासाठी मुलाला घेऊन प्रत्यक्ष जावे लागते, शक्यतो दोघाही पालकांना बरोबर, आणि तो यायला काही आठवडे लागतात. एडिसनच्या जवळपासच्या ज्या टपाल कचेरीत हे अर्ज घेतात, तेथील वेळ याच आठवड्यात ठरवून टाका.